लखनचं आवतन

आमच्या कामरगावात लग्नाची पत्रिका आली म्हणजे आवतन आलं, असं कोणी समजत नाही. पत्रिका खुंटीला अडकवायची. फोन लांबच्या पाहुण्यांना करायचा. गल्लीतल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर कोणीतरी त्याच्या दारात उभं राहून, त्याच्याकडे पाहून, हसून सांगावं लागतं, "आज अमक्याच्या घरी चूलबंद आवतन हाये." चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना; त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. मग तिकडे स्वयंपाक झाला की तोच माणूस दुसरी चक्कर मारतो, "चाला जेवाले." ही दुसरी हाक आली नाही तर आमची माणसं उपाशी बसून राहतील, पण उठून जाणार नाहीत. इतकी अडेल जात देवानं दुसरीकडे केली नसेल.

आणि हे आवतन देणारा गावाचा हक्काचा माणूस म्हणजे माझा धाकटा दीर, लखन.

मी ज्योत्स्ना. बसस्टँडच्या रस्त्याला माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवर ओरडून ओरडून मला हळू बोलता येत नाही, आणि खरं सांगू का, हळू बोलावंसं वाटतही नाही. माझा नवरा विकास म्हणजे गरीब गाय. वावर आणि तो, तो आणि वावर. त्यामुळे घरातलं भांडण आणि दवाखाना दोन्ही माझ्याच गळ्यात.

लखनभाऊजी आता चाळिशी ओलांडलेले. उंच, किडकिडीत, बोटं लांबलचक, कान मात्र एवढेसे. बोलणं सगळं नाकातून. शाळेत पोरं त्यांना गेंगाण्या म्हणायची. माझ्या सासूबाई चतुराबाई सांगतात, तान्हेपणी पाजलेलं दूध नाकातून परत यायचं, दोनदा आकडी आली, आणि हृदयाला छिद्र आहे असं कोणी डॉक्टर म्हणाला होता. ते पुढे आपोआप बुजलं. गणिताशी त्यांचं कधी जमलं नाही. पंचविशीत त्यांना विहिरीतून कोणी नाव घेतंय असं ऐकू येऊ लागलं. ते विहिरीशी भांडायला जायचे. तेव्हा मी नवी नवरी होते, पण मीच त्यांना एसटीत बसवून अमरावतीच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, विहीर गप्प झाली.

पण गावातल्या कुठल्या घराचं कुठल्या घराशी वाकडं आहे, कोणाकडे सून नवी आहे, कोणाचा उपास आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दारात उभं राहून ते हसले की सगळे दात बाहेर, आणि नाकातून एक फुर्र असा आवाज. लोक म्हणायचे, लखन हसला की अर्धं पोट दारातच भरते.

आणि तेच तोंड एक दिवस गावाला खुपलं.

दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट. बबनरावांच्या राजूचं लग्न होतं. बबनराव म्हणजे आमच्या गल्लीतलं जुनं, वजनदार खोड. बोलणं ताठ, चालणं ताठ. आवतन अर्थातच लखनभाऊजींनी दिलं. आणि अर्धी गल्ली जेवायला आलीच नाही! मांडवात सतरंज्या पसरलेल्या आणि त्यावर चिमण्या नाचताहेत. संध्याकाळी बबनराव तणतणत गिरणीवर आले.

"सूनबाई, तुमच्या लखनले काय मस्ती आली?"

मी गिरणीचा पट्टा काढला. "काय झालं मामाजी?"

"काय झालं इचारता? दारोदार असा उभा राह्यला, जशी मयतीची खबर घेऊन आला! लोकं म्हनून राह्यले, बबनरावाचं मनच नसन जेवू घालाचं, म्हनून यानं तोंड पाडून सांगतलं. गंजभर वांग्याची भाजी म्या ढोरायले घातली! आता पुढं याच्या हातात आवतनाची सुपारी कोनी देऊ नका, सांगून ठेवतो."

ते गेले आणि मी पेटले. घरी गेले तर भाऊजी ओट्यावर बसलेले.

"काहो भाऊजी, हासाले काय घरचं जाते तुमचं? लोकाच्या लग्नात तोंड पाडून फिरले तुमी!"

"हासूनच तं सांगतलं वहिनी."

"लबाड नका बोलू."

"आईशप्पत. आता बी हासूनच बोलून राह्यलो तुमच्यासंग."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सारवलेल्या भिंतीसारखं सपाट. ओठ जागचे हलले नव्हते, गाल हलले नव्हते, आणि डोळे नुसते उघडे, पापणीसुद्धा लवत नव्हती. मला भीती वाटली, स्पष्टच सांगते. माणूस खोटं बोलतो तेव्हा कळतं. ते खोटं बोलत नव्हते.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले. म्हणजे त्यांना न कळू देता पाहायला लागले. चालताना त्यांचा डावा हात थोडातरी झुलायचा, उजवा अंगाला चिकटून राहायचा. चपलेचा आवाज बदलला होता, उजवी चप्पल घासत यायची. एकदा चुलीवर दूध उतू जाऊन करपलं, मला अंगणात वास आला, आणि हे शेजारी बसून होते. "वास नाई आला?" तर म्हणे, "कायचा वास?" शर्टाची बटणं लावायला इतका वेळ, की मला वाटायचं आपणच जाऊन लावावीत. बोटं मांडीवर ठेवली की उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत राहायचा, गोळी वळल्यासारखा. हे कधी सुरू झालं, घरात कोणालाच सांगता येईना. असं रोजच्या माणसाचं रोज पाहतं कोण!

मी तौकीरभाईंना विचारायला गेले. तौकीर शिंपी, भाऊजींचा लहानपणापासूनचा दोस्त. बसस्टँडवर त्याचं दुकान आहे आणि दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा.

"भाभी, मी बी पाह्यलं," तौकीर म्हणाला. "मागच्या दिवाळीले शर्टाचं माप घेतलं तं उजवा हात वर होयेना. मले वाटलं, वावरात अवघडला असन."

भाऊजी माझ्यामागून आलेच होते, त्यांना दुसरं जायचं कुठे! तौकीरनं त्यांना खांद्याला धरून आरशासमोर उभं केलं.

"लखन, हास."

"हासलो."

"आरशात पाह्य यार."

भाऊजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तौकीर, तुहा आरसा खराब झाला."

तौकीरनं फडकं घेऊन आरसा पुसला. मग भाऊजींच्या शेजारी उभा राहून स्वतः हसला, दात दाखवून. आरशात एक हसणारा आणि एक दगड, असे दोघे दिसले. भाऊजी एकदा त्याच्याकडे, एकदा स्वतःकडे पाहत राहिले.

"मंग माहं कुटी गेलं?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. मी उगाच तौकीरवर खेकसले की दुकानात केवढा कचरा करून ठेवलाय.

अमरावतीचे डॉक्टर समजूतदार माणूस. ते म्हणाले, "मनाच्या काही गोळ्यांनी असं होतं. चेहरा थिजतो, अंग आखडतं. गोळी बदलून पाहू." आवाज परत येऊ नयेत म्हणून त्यांनी हळूहळू जुनी कमी केली, दुसरी सुरू केली. आम्ही वाट पाहिली. डाव्या बाजूचा आखडलेपणा बराच सुटला. उजवी जिथल्या तिथे. तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "नुसतं गोळीचं असतं तर दोन्हीकडचं गेलं असतं. मला कळत नाहीये. नागपूरला दाखवा." डॉक्टरनं 'मला कळत नाही' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला तो माणूस त्या दिवशी जास्तच आवडला.

नागपूरला सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. मेंदूच्या विभागातली डॉक्टर योगिनी म्हणून तरणी पोरगी होती. तिनं आधी भाऊजींचा हात पाहिला नाही. कान पाहिले, लांब बोटं पाहिली, दोन शब्द बोलायला लावले, तोंड उघडून टाळू पाहिली. मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "आजी, लहानपणी यांचं दूध नाकातून परत यायचं का?"

सासूबाईंचा हात पदरावरच थांबला. "वं माय! तुले कोनं सांगतलं?"

"झटके यायचे? हृदयाचं काही होतं?"

"व्हय, व्हय."

तिनं एका खास तपासणीसाठी रक्त पाठवलं. पुन्हा बोलावलं तेव्हा तिनं कागदाच्या मागे पेन्सिलीनं काड्या काढून दाखवल्या. माणसाच्या अंगातल्या बारक्या बारक्या पेशींत सूचनांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतली एक काडी आईची, एक बापाची. भाऊजींच्या बाविसाव्या जोडीतल्या एका काडीचा छोटासा तुकडा नाही. नाकातलं बोलणं, हृदयाचं छिद्र, आकडी, गणित, विहिरीतला आवाज, सगळं त्या एका तुकड्यापाशी येऊन थांबत होतं. मी तर थक्क झाले. एवढी वर्षं आम्ही एकेक दुखणं वेगळं धरून वेगवेगळ्या दवाखान्यांत फिरलो, आणि सगळ्यांची मुळी एकच!

भाऊजींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. "तुकडा पडला कुटी? शोधला तं सापडते काय?"

डॉक्टर हसली, पण चांगलं हसली. "पडला नाही. तो तुमच्यात कधी आलाच नव्हता."

आणि इथे सासूबाई मध्येच हुंदका देऊन बोलल्या, "म्याच कापला."

"काय कापला?" मी विचारलं.

"हा पोटात होता तवा गिऱ्हान लागलं होतं. सूर्याचं मोठं गिऱ्हान. सासूनं सांगतलं होतं, काही कापू नको, चिरू नको, लेकराले खोड लागते. मले याद नाई राह्यली. म्या वांगं चिरलं. तोच तुकडा गेला माह्या लेकराचा."

मला हे तोवर माहीत नव्हतं. सासूबाई वांगं खात नाहीत एवढंच माहीत. वाशीम जिल्ह्यात राहून वांगं न खाणारं माणूस! आम्हाला वाटायचं, वात होत असेल.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. "आजी, ग्रहण लागलं तेव्हा दिवस जाऊन किती झाले होते?"

"तिसरा महिना असन."

"हा तुकडा गर्भ राहिला त्या घटकेपासूनच नव्हता. आधीच नव्हता. तुम्ही वांगं चिरलं ते कितीतरी नंतर. जे नव्हतंच ते तुम्ही कापाल कुठून? आणि ग्रहणात वांगं चिरलं म्हणून लेकराला काही होत नसतं."

सासूबाई डोळे पुसायचं विसरल्या. मनात महिने मोजत बसल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "म्हंजे वांग्याचा काही दोष नाई?"

"काहीच नाही."

"मंग म्या इतके वर्स काहून नाई खाल्लं वं?"

मला हसू आणि रडू एकदम आलं.

पुढचं तिनं मला सांगितलं, कारण ऐकणारी मीच होते. ह्या थिजण्या-थरथरण्याला कंपवात म्हणतात. एरवी म्हातारपणी होतो. पण हा तुकडा नसलेल्या माणसांना तो व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि झाला तर लवकर होतो. सगळ्यांना होतो असं नाही. बऱ्याच जणांना कधीच होत नाही. कोणाला होईल, कोणाला नाही, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही, त्यावर शोध चालू आहे. घोटाळा असा की यांच्यातल्या पुष्कळांना मनाच्या गोळ्या चालू असतात. मग अंग आखडलं की सगळे गोळीवर ढकलतात आणि आजार मागे लपून राहतो. "तुमच्या दिरांचं दोन्ही मिळून होतं," ती म्हणाली. "गोळीचं होतं ते गेलं. उरलंय ते आजाराचं."

"औषध?"

"आहे. मेंदूत एक रस कमी पडलाय, ही गोळी तो भरून काढते. पण तोच रस जास्त झाला तर ते आवाज परत येऊ शकतात. म्हणून थोडी थोडी वाढवायची आणि लक्ष ठेवायचं."

"हासू येईन?" भाऊजींनी विचारलं.

"थोडं येईल कदाचित. पूर्वीसारखं येईल असं मी म्हणणार नाही."

"मंग द्या. विहीर बोलली तं बोलू द्या. मले आवतन द्याचं हाये."

"खबरदार!" मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेरचा शिपाई डोकावला.

गोळी सुरू झाली. हात जरा हलका झाला, बटणं लागायला लागली. डॉक्टरनं थोडी वाढवली तेव्हा एक दिवस जेवताना त्यांचा गाल हलला, आणि मी हातातली पोळी तशीच धरून पाहत राहिले. पण त्याच आठवड्यात ते वावरातून घाईनं परत आले, रंग उडालेला. ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, विहिरीनं नाव घेतलं."

मी तिथूनच डॉक्टरला फोन लावला. गोळी पुन्हा कमी झाली. विहीर गप्प झाली, गालही गप्प झाला. भाऊजी स्वतःच म्हणाले, "नाई पाह्यजे वहिनी. हासू नसलं तं चालते. विहीर नाई पाह्यजे." शहाणपणाचं बोलले, पण त्यानंतर ते गिरणीवर येऊन पोत्यावर नुसते बसायला लागले. गावात लग्नं होत होती, बारशी होत होती. बबनरावांचा शब्द म्हणून सुपारी कोणी आणत नव्हतं. लोक मोबाइलच्या ग्रुपवर आवतन टाकत आणि मग पंगत अर्धीमुर्धी उठे. दळण आणणाऱ्या बाया सांगत, काल अमक्याकडे जेवण होतं. भाऊजी मान खाली घालून ऐकत. मला त्या बायांचं पीठ जाडं दळावंसं वाटे. दळलंही एकदोनदा.

सासूबाईंसाठी मी मुद्दाम वांग्याची भाजी केली. त्यांनी ताट सरकवलं. "घरचं नाई. पंगतीतलं खाईन. लखनच्या आवतनाचं."

"त्यायले कोन देते आता सुपारी?" मी म्हटलं.

"मंग नाई खाईन," म्हातारी म्हणाली. सांगितलं ना, अडेल जात.

या हिवाळ्यात तौकीर खडीसाखरेची पिशवी घेऊन आला. त्याच्या पोरीचं, आयतचं लग्न ठरलं होतं. हिंदू गल्लीसाठी शाळेजवळ वेगळा मांडव, कारंज्याचा वेगळा आचारी. "भाभी, तिकडचं आवतन लखनच देईन. अक्षदा मी कुठून आणू, म्हनून मिसरी आणली. दारोदार हीच द्या."

"तौकीरभाई, इचार करा. बबनरावांच्या मांडवात चिमण्या जेवल्या. तुमच्या पोरीचं लग्न हाये."

"म्हनूनच," तो म्हणाला. "माह्या बेटीच्या शादीत लखननं नाई बलावलं, तं मी कोनाले बलावलंच नाई."

भाऊजींनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. पिशवी थरथरत होती.

मी म्हटलं, "मी येते संगं. दारोदार सांगते तुमाले काय बिमारी हाये ते."

"नाई वहिनी. तुमी बोलल्या तं तुमचं आवतन होईन. माहं नाई."

खरं होतं. पण आवाजही आजारानं खोल गेलेला, तोंडातल्या तोंडात राहायचा. डॉक्टरनं मोठ्यानं बोलायचा सराव सांगितला होता. मी म्हटलं, गिरणी कशासाठी आहे? रोज गिरणी चालू करून मी पलीकडे उभी राहायची आणि भाऊजींनी अलीकडून आवतन द्यायचं. मला ऐकू आलं तर पास. पहिल्या दिवशी नुसते ओठ दिसले. मी ओरडले, "काय म्हनून राह्यले? मले कायी ऐकू नाई आलं!" दळणाला आलेल्या बाया डोळे फाडून पाहत होत्या. असं करता करता एक दिवस गिरणीच्या घरघरीतून त्यांचा नाकातला आवाज स्वच्छ आला. आवतनाला त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं. ते मी शिकवलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी ते निघाले. मी जायचं नाही म्हणून ठरलं होतं, तरी कोपऱ्यावरच्या नळाआड उभी राहिले. पहिलंच घर बबनरावांचं. ते ओट्यावर ऊन खात बसलेले. भाऊजी समोर थांबले.

"आयतच्या लग्नाचं चूलबंद आवतन हाये," भाऊजी मोठ्यानं म्हणाले. "माहं तोंड बिमार हाये, आवतन बिमार नाई. म्या हासून राह्यलो."

आणि खडीसाखर द्यायला हात पुढे केला. हात थरथरला, खडे ओट्यावर सांडले.

"काय म्हनला?" बबनराव म्हणाले.

भाऊजींनी पुन्हा सगळं म्हटलं, तस्संच, एक शब्द न गाळता. नागपूरचं, गोळीचं, तुकड्याचं, जमेल तसं सांगितलं.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं बे?"

"तवा मलेच माहीत नव्हतं. मले वाटे, म्या हासून राह्यलो."

"राजूच्या लग्नात बी?"

"राजूच्या लग्नात तं लय हासलो होतो, बाप्पा."

बबनरावांनी वाकून ओट्यावरचा एक खडा उचलला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. "दुसरी हाक द्याले ये," ते म्हणाले. "तवाच उठीन. त्याबिगर नाई."

दुपारी स्वयंपाक झाला. तौकीरनं भाऊजींना निरोप धाडला. मी दार उघडं ठेवून बसले. बसले, बसले, कोणी येईना. बाहेर डोकावले तर भाऊजी गल्लीच्या तोंडाशी नालीपाशी उभे. ती नाली हातभराचीसुद्धा नाही. पण पाय उचलेना. डॉक्टरनं सांगितलं होतं असं होतं म्हणून. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, धक्का द्यायचा नाही, ओढायचं नाही. मी चप्पल घालून निघाले, आणि गल्लीकडे पाहून थांबले.

सगळी दारं उघडी होती. ओट्याओट्यावर माणसं बसलेली, बाया लुगडी बदलून, पोरं तेल लावून तयार. पलीकडून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. सगळ्यांना दिसत होतं की स्वयंपाक झालाय आणि लखन नालीपाशी अडकलाय. जेवायला जायचा रस्ता त्याच्या बाजूनंच होता. पण एक माणूस उठला नाही. बबनरावांच्या सुनेनं काही म्हटलं असावं, कारण बबनराव गुरगुरले, "बसा खाली. अजून हाक नाई आली."

मी पण बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला या गावाच्या अडेलपणावर प्रेम आलं.

भाऊजींनी नालीकडे पाहिलं, मग मोठ्यानं म्हणाले, "चाला." स्वतःलाच म्हणाले असतील. पाय उचलला गेला. बबनरावांच्या दारात येऊन "चाला जेवाले" म्हटलं, आणि बबनराव उठले. मग पुढचं दार, मग त्यापुढचं. प्रत्येक दारातून कोणी ना कोणी त्यांना विचारत होतं, "हासून राह्यला काय रे लखन?" आणि ते सांगत होते, "हासून राह्यलो."

आमचं दार शेवटचं. ते घामेजून, उजवा पाय ओढत आले आणि परक्या घरात यावं तसं पायरीखाली उभे राहिले.

"वहिनी, चाला जेवाले. आई, वांग्याची भाजी हाये."

सासूबाईंनी चपला आधीच घातल्या होत्या. मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं. तेच सपाट तोंड.

"हासून राह्यले काय भाऊजी?"

"हासून राह्यलो वहिनी."

"दिसून राह्यलं," मी म्हटलं, आणि दाराला बाहेरून कडी घातली.